भुलीसाठी लावलेला फोन

दत्ता,

तुझा दहावा झाला, तेरावा झाला, पाव्हणेरावळे जेवून आपापल्या गावाला गेले. आता तुझ्याशी भांडायला मोकळीक आहे. इतके दिवस जो तो मला सांगत होता, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार आहे. तू होतास तेव्हाही मी तुझ्याबद्दल काही फार चांगलं बोलत नव्हतो, आणि तुला ते चालायचं.

दिंद्रुडच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय, माणसाहून मोठा. गळ्यात गमछा, कानाला फोन. बापूसाहेबांच्या कार्यकर्त्या पोरांना तुझे इतके फोटो सापडले असतील, त्यातून त्यांनी नेमका हाच काढला. खाली लिहिलंय, 'गोरगरीब रुग्णांचा आधार हरपला.' मी त्याच्याखालून मोटारसायकल काढतो तेव्हा मान वर करत नाही. केली तर हातात दगड येईल, आणि मग गाव म्हणेल गुरांचा डॉक्टर येडा झाला.

तुझा धंदा काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची. शेती विष्णूनं केली, म्हशी विष्णूनं सांभाळल्या. तू थोरला, तू फक्त फोन लावलेस. कुणाचा बाप दवाखान्यात खाटेवाचून पडलाय, कुणाची सून अडलीय, कुणाचं योजनेचं कार्ड खिडकीवर चालत नाही, की तुझा फोन. "हॅलो, बापूसाहेबांकडून दत्ता बोलतोय. आपला माणूस हाय, जरा बघून घ्या." बापूसाहेब जिल्हा परिषदेवर होते तेव्हापासून हे चाललं होतं आणि ते पडल्यावरही चालूच राहिलं. साहेब पडले, पण तुझा फोन काही पडला नाही. मी तुला त्यावरून चिडवायचो, आणि तू खूश व्हायचास.

माझी आई अंगणात घसरली आणि तिचा खुबा मोडला तेव्हाचं मला अजून लख्ख आठवतं. मी शिकलेला, सरकारी नोकर, चकलांब्याच्या जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर, आणि बीडच्या व्हरांड्यात आईचं स्ट्रेचर धरून सकाळपासून उभा. येणारा-जाणारा बघायचा आणि पुढं जायचा. तू आलास, कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोललास, आणि थोड्याच वेळात आईला आत घेतलं. ऑपरेशन होईस्तोवर तू पायरीवरून हलला नाहीस. मला बळंच दोन घास खायला लावलेस. आई आज काठी टेकत का होईना चालते. तुझ्या दहाव्यालाही तशीच आली होती. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच तर राग जास्त आहे. तू उपरा असतास तर मी कधीच सोडून दिलं असतं.

पण तू लपवलंस, दत्ता. तिथून सगळं सुरू होतं.

बापूसाहेबांच्या वाढदिवसाला दरवर्षी रक्तदान शिबिर व्हायचं. पहिल्या खाटेवर तू आडवा व्हायचास, फोटो निघायचा. एका वर्षी रक्तपेढीतून तुला निरोप आला, की तुमच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' निघालाय, काविळीचाच एक प्रकार. बऱ्याचदा तो आईकडून लेकराला लागतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि आतून यकृत खात राहतो. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर आटोक्यात राहतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, असंही त्यांनी तुला सांगितलं. तू काय केलंस? पुढच्या वर्षीपासून शिबिरात माईक धरून उभा राहायला लागलास, म्हणजे खाटेवर झोप म्हणायला कुणी नको. कांतावहिनीला सांगितलं नाहीस, सख्ख्या भावाला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. कारण काय, तर आपल्याकडं लिव्हर खराब म्हटलं की दारू. ढाब्यावर सगळ्यांचे ग्लास भरलेले असायचे आणि तू शेवभाजीवर ताक पीत बसायचास. थेंब कधी घेतला नाहीस. आणि तुलाच धास्ती, की लोक म्हणतील, दत्ता चोरून पीत व्हता. लोकांच्या तोंडाला घाबरून तू औषधसुद्धा घेतलं नाहीस. आपल्या गावात लोकांचं तोंड कधी कुणासाठी बंद राहिलंय का रे?

मला कळलं ते तू रक्त ओकलास तेव्हा. तेलगावला सभेचा मंडप घालायचं काम चाललं होतं, तिथंच तू खाली बसलास. तुला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृत पार निबर झालंय, त्यामुळं अन्ननळीतल्या शिरा फुगल्यात आणि त्यातली एक फुटलीय. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून त्यांनी त्या शिरेला रबराची कडी बसवली आणि रक्त थांबवलं. हे तू जागा असतानाच झालं. घशात बधिर करायचा फवारा मारला, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी भेटायला आलो तर तू खाटेवर बसून भिंतीकडं बघत होतास. आवाज घोगरा.

"शिवा, मला गुरासारखं दाबून धरलं बे. दोघांनी. लाळ गळत व्हती, आतडी वर येत्यात का काय असं वाटलं. आन् समोर आपल्याच भागातला एक पोरगा उभा. मला वळखत व्हता. त्यानं सगळं बघितलं."

"जगलास ना?" मी म्हणालो.

"जगलो. पर पुन्यांदा असं न्हाई करून घेणार."

ते काम एकदा करून भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा आत बघावं लागतं, गरज पडली तर पुन्हा कड्या बसवाव्या लागतात, हे डॉक्टरांनी तिथंच बजावलं होतं. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. दुखण्याला तू भ्यायला नव्हतास. त्या पोरानं तुला लाळ गळताना बघितलं, ते तुला सोसलं नाही. जिल्हाभराच्या आजाऱ्यांना धीर देणारा माणूस स्वतः पेशंट व्हायला लाजला. मला याचं हसू यायला पाहिजे होतं, पण येत नाही.

पुढचं बीडला करून घ्यायचं ठरलं. पहिल्या खेपेला मी तुझ्यासोबत होतो. तो डॉक्टर तरुण, आपल्याच जिल्ह्यातला, पुण्याला शिकून आलेला. तू आल्या आल्या म्हणालास, मला पूर्ण झोपवून करा. त्यानं पाटीवर चित्र काढून तुला समजावलं. भुलीचं औषध शरीरातून बाहेर काढायचं काम यकृताचं. निरोगी माणसात ते लवकर उतरतं, तुमच्यात ते रेंगाळणार. शिवाय आतड्यातलं विष गाळायचं कामही यकृताचंच, ते नीट झालं नाही की विष मेंदूवर चढतं आणि माणसाला गुंगी येते. अशा गुंगीवर भूल पडली तर माणूस नीट उठेलच असं सांगता येत नाही. "द्यायचीच नाही असं नाही," तो म्हणाला. "मोठ्या ठिकाणी भूलतज्ज्ञ उशाशी बसवून, लवकर उतरणारं औषध बेतानं देतात. माझ्याकडं भूलतज्ज्ञ रोज नसतो. आपण फवाऱ्यावर करू. थोडं सहन करा."

मग त्यानं तुला विचारलं. दिवसा झोप येते का? हात थरथरतात का? विसरायला होतं का? पोट साफ राहावं म्हणून दिलेलं ते गोड पातळ औषध घेता का, दिवसातून दोन-तीनदा शौचाला होतं का? कारण पोट साफ तर डोकं साफ, असं त्यानं अगदी आपल्या भाषेत सांगितलं.

"एकदम ओके हाय साहेब," तू म्हणालास. सगळ्याला एकच उत्तर. काविळीच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत, असं विचारल्यावर 'लई वर्षांपासून' म्हणालास, तेव्हा मात्र मी मध्ये बोललो. म्हणालो, डॉक्टर, रक्ताची उलटी झाल्यावर चालू झाल्यात. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसा मी भर सभेत तुझं धोतर फेडलं.

परतताना वडवणीला चहाला थांबलो आणि आपलं वाजलं.

"तू गुरांचा डॉक्टर हाईस, माणसात कशाला बोलतोस?"

"गुरांचा आहे म्हणूनच बोलतो. बैलाला भूल द्यायच्या आधी मी मालकाला विचारतो, वैरण खातोय का, रवंथ करतोय का. मालक कधी खोटं सांगत नाही, कारण बैल गेला तर त्याचं वर्ष बुडतं. तुम्ही माणसं स्वतःबद्दल बिनधास्त ठोकून देता."

"तुझ्या आईचा खुबा कशावर बसला? फोनवरच ना? तवा फोन ग्वाड लागला. आता मला एक इंजेक्शन पायजे तर लागला शानपणा शिकवायला."

 मी कप ठेवला आणि उठलो. तेलगावला पोचताच तू बापूसाहेबांच्या गाडीत बसून निघून गेलास.

तुझ्या त्या फोनच्या बोलण्यावर उत्तर आता सुचतंय. त्याचा उपयोग शून्य, तरी ऐक. फोन दारापर्यंत ठीक आहे, दत्ता. बंद दार उघडायला ओळख लागते ही आपल्या जिल्ह्याची लाज आहे, पण लागते, आणि तू ती गरिबांसाठी वापरलीस. एकदा माणूस आत गेला की मात्र फोननं गप्प बसायचं असतं. आईच्या वेळी तू दार उघडून दिलंस आणि पायरीवर येऊन बसलास. खुबा कसा बसवायचा हे तू त्या सर्जनला सांगितलं नव्हतंस. तेवढा शहाणपणा तुझ्याकडं होता. तो स्वतःच्या वेळी कुठं गेला?

नळी घालायचा दिवस तू मला शुक्रवार सांगितलास. मी रजा टाकली. आणि तू बुधवारीच जाऊन आलास. मी पुन्हा मध्ये बोलेन म्हणून तू मला तारीख खोटी सांगितलीस. बुधवारी मी चकलांब्यात वासरांना लस टोचत होतो, आणि माझ्या खिशात शुक्रवारची रजा मंजूर झालेली होती. बाकी सगळं मी कधीतरी गिळेन. हे गिळता येत नाही.

आत काय झालं ते मला त्या डॉक्टरकडूनच कळलं. तुझी राख सावडून झाली आणि मी तसाच त्याच्याकडं गेलो. त्याची गचांडी धरायच्या इराद्यानंच गेलो होतो. त्यानं खुर्ची दिली, मी बसलो नाही.

"त्यांनी सांगितलं, भूल दिल्याशिवाय तोंड उघडणार नाही," तो म्हणाला. "मी नकार दिला. मग बापूसाहेबांचा फोन आला. आपला माणूस हाय, त्याला कळलंसुद्धा न्हाई पाहिजे असं झोपवा. मी समजावून सांगितलं. ते हसून म्हणाले, डॉक्टर, दवाखाना बीडातच चालवायचाय ना?"

"आणि तुम्ही दिलंत."

"थोडंच दिलं होतं. ते झोपेनात, हात झटकायला लागले. मग आणखी दिलं." तो म्हणाला, "मी पुन्हा विचारलं होतं हो, दिवसा झोप येते का. ते नाही म्हणाले."

"तो खोटं बोलला. तुम्हाला कुणी खोटं वागायला सांगितलं होतं? पाटीवर चित्र काढून तुम्हीच आम्हाला शिकवलं ना?"

 संध्याकाळपर्यंत त्यांना इथंच ठेवा, नीट बोलायला लागल्याशिवाय हलवू नका, असं त्यानं सांगून बघितलं म्हणे. पण साहेबांची गाडी खाली उभी होती, आणि गाडीतल्या पोरांना पुढं कुठंतरी उद्घाटनाला जायचं होतं. 'घरीच तर झोपायचंय,' असं म्हणून त्यांनी तुला दोन्हीकडून धरून जिना उतरवला. ओळखीच्या माणसाला लवकर सोडायचं असतं. अनोळखी असतास तर त्याच खाटेवर पडून राहिला असतास, आणि कदाचित आज मला शिव्या देत असतास. त्या डॉक्टरचे डोळे भरून आले होते. मला त्याची दया आली नाही.

घरी आल्यावर वहिनीनं अंथरूण टाकलं. आले-गेले सगळे दारातून डोकावून एकच सांगून गेले, झोपू द्या, लई दिवसांचा थकलाय बिचारा. आपल्या माणसांचं प्रेम हे असं आहे. झोपलेल्याला उठवायचं पाप कुणी करत नाही. तू घोरत होतास म्हणून सगळ्यांना वाटलं गाढ झोप लागलीय. सकाळी वहिनीनं हाक मारली तर डोळे अर्धवट उघडलेस, काहीतरी बरळलास आणि पुन्हा मिटलेस. परत संभाजीनगर, परत तोच दवाखाना. गुंगीत असताना उलटी फुप्फुसात गेली होती. काही दिवस नळ्यांमध्ये काढलेस आणि गेलास. मी काचेतून बघत होतो. तुझे दोन्ही फोन माझ्या पिशवीत होते आणि सारखे वाजत होते. कुणाला खाट पाहिजे होती, कुणाला रक्त. मी एकही उचलला नाही.

वहिनी नंतर बोलली. तोवर तू तिच्या तोंडाला कुलूपच लावलं होतंस. महिनाभरापासून तू भर दुपारी बसल्या जागी डुलक्या घ्यायचास. चहात साखरेऐवजी मीठ टाकलंस आणि पिऊनही टाकलंस. बापूसाहेबांच्या ड्रायव्हरचं नाव तुला आठवेना. आणि ते गोड औषध? साहेबांच्या गाडीत बसल्यावर वाटेत पोटात कळ आली तर कसं दिसंल, म्हणून तू ज्या ज्या दिवशी दौरा त्या त्या दिवशी घेतच नव्हतास. आणि दौरा तर रोजच असायचा. वहिनीनं डॉक्टरला सांगते म्हटलं, तर तू तिला म्हणालास, "बोलशील तर बघ. माझं डोकं गेलं असं कळलं तर साहेब मला जवळ उभं करत्याल का?" साहेबांनी तुला जवळ उभं करावं म्हणून तू हे केलंस. आता त्यांनी तुला चौकात उभं केलंय, फ्लेक्सवर, सगळ्यांपेक्षा उंच.

तरी मी दहाव्याला भांडायचं नाही असं ठरवून आलो होतो. ओढ्याकाठी विधी झाला, कावळा शिवायला वेळ लागला नाही. मग माईक आला. आपल्याकडं माणूस गेला की दोन शब्द बोलायला पंधरा जण उठतात. बापूसाहेब शेवटी उठले. रडले, आणि खरे रडले, ते मी नाकारत नाही. त्यांचा तुझ्यावर जीव होता. म्हणूनच तर त्यांनी तो फोन केला, तुला त्रास होऊ नये म्हणून. मग डोळे पुसून ते म्हणाले, "दत्ताच्या पायी घरच्यांचं रगत तपासलं, तवा त्याच्या धाकट्या भावाला, आपल्या विष्णूलाबी तोच आजार निघालाय, हे तुमाला म्हाईत हाय. त्यालाबी दुर्बिणीनं बघून घ्यावं लागणार हाय. आजपासून विष्णूची जबाबदारी माझी. मी सोता डॉक्टरला फोन करतो. त्याला कसला म्हंजे कसला तरास होऊ देणार न्हाई."

लोकांनी माना हलवल्या. विष्णूनं हात जोडले. दत्ता, तुझी शपथ, माझे पाय आपोआप उठले.

मी माईक घेतला आणि म्हणालो, "बापूसाहेब, एवढा एक फोन करू नका. दत्ता फोननंच गेलाय."

 कुणीतरी मागून माझा सदरा ओढला. बापूसाहेब म्हणाले, "डॉक्टर दुःखात हाईत, त्यांना बसवा." मला बसवलं. माणसं पांगताना विष्णू माझ्यावर धावून आला.

"माझ्या भावाच्या दहाव्याला तमाशा केलात, शिवादादा. आन् वर माझा फोनबी तोडलात. मला न्हाई जायचं तसं उघड्या डोळ्यानं. दादानं सांगितलंतं मला, गुरासारखं दाबत्यात."

"मग झोपेतच जा दादाच्या मागं," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण बोललो.

मध्ये वहिनी आली. बायकांच्या घोळक्यातून उठून, पदर खोचून आली आणि विष्णूला म्हणाली, "बस खाली. तुला तुझ्या दादाचं सांगते." तिथंच ओढ्याच्या काठावर तिनं त्याला सगळं सांगितलं, चहातलं मीठ, दुपारच्या डुलक्या, न घेतलेलं औषध. विष्णू ऐकत गेला आणि त्याचं तोंड उतरत गेलं. येतो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

तुझा महिना घालायच्या आधी त्याला घेऊन आम्ही बीडला गेलो, मी आणि वहिनी; गावात ते लपून राहिलं नाही. त्याच डॉक्टरकडं. माझं मन होत नव्हतं, पण विष्णू म्हणाला, "तो मानूस आता हयगय करायचा न्हाई." ओळख न सांगता गेलो, त्यामुळं सकाळपासून बाकावर बसलो. विष्णू अधूनमधून माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत होता.

आत गेल्यावर डॉक्टरनं तेच प्रश्न विचारले. दिवसा झोप येते का?

"न्हाई साहेब, एकदम..." विष्णूनं सुरुवात केली. तुमच्या घराण्याचं रक्तच तसलं. वहिनी त्याच्याकडं नुसती बघत राहिली. तो खाकरला आणि म्हणाला, "येती दुपारची. पर म्हशींसाठी पहाटं उठतो, म्हनून आसंल." डॉक्टरनं त्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, मनगटं मागं वाकवून बोटं फाकवायला लावली आणि बराच वेळ त्या हातांकडं बघत राहिला. हात स्थिर होते. मग त्यानं दोन-चार साधे हिशेब घातले, आजचा वार विचारला. विष्णूनं सगळं बरोबर सांगितलं.

"फवाऱ्यावर करू," डॉक्टर म्हणाला.

त्याला कुशीवर झोपवलं, घशात फवारा मारला. मी उशाशी उभा राहिलो आणि त्याचा हात हातात घेतला. डॉक्टर नळी उचलणार, तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, बापूसाहेब. ते आम्ही सगळ्यांनी वाचलं. विष्णूनंही वाचलं, आणि त्याच्या डोळ्यांत आशा आली. मी ती बघितली, दत्ता. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

डॉक्टरनं फोन उचलला. "हां साहेब, इथंच आहेत. फवाऱ्यावर करतोय. नाही साहेब, भूल नाही. नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. त्याचे कान लाल झाले. "तुम्ही म्हणाल ते खरं, पण नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, हातमोजे बदलले आणि नळी उचलली.

विष्णू ओकाऱ्या काढत होता, पाय झाडत होता. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी. माझा हात त्यानं इतका आवळला की बोटं पांढरी पडली. मी त्याच्या कानाशी म्हणत राहिलो, श्वास घे, नाकानं घे, होत आलं. म्हशीच्या पोटात हात घालून वासरू फिरवताना मी तिच्याशी जे बोलतो तेच बोलत होतो, दुसरं काही येत नव्हतं. शिरा थोड्या फुगलेल्या निघाल्या. आत्ताच कड्या बसवायची गरज नाही, गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा बघायचं, असं डॉक्टर म्हणाला. नळी बाहेर आली.

विष्णू उठून बसला. वहिनीनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. त्याला जराही लाज वाटली नाही. घसा बधिर, जीभ जड, तरी त्यानं पहिलं वाक्य काय काढलं असेल?

"झालं? येवढंच व्हतं?"

डॉक्टरनं मान दुसरीकडं फिरवली. वहिनी मटकन खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी व्हरांड्यात आलो आणि शाळेत देत होतो तसली एक सणसणीत शिवी तुझ्या नावानं हासडली. बाकावरची माणसं दचकून उठली. विष्णू जगेल आता. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे, होईल कधीतरी. पण एवढंच होतं रे. एवढंच सोसायचं होतं तुला, गाढवा. मी तुझाही हात धरला असता.